‘पारंपरिक’ या शब्दाआड

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या कॉलेजच्या पोरांनी एका बँडच्या गाण्यावर नाच बसवला होता. गाण्यात गिटार होती, ड्रम होता आणि सगळ्यांच्या वर हलगी होती. मंचावर वाजवणारा कोणी नव्हता, हलगी यंत्रातून येत होती. पण ठोका चोख होता. शेजारी बसलेले एक प्राध्यापक खूश होऊन मला म्हणाले, “काय मातीतलं संगीत आहे, सर!” मी मान हलवली. त्याच सकाळी पाहुण्यांना फाटकापासून मंडपापर्यंत वाजत आणण्यासाठी तीन हलगीवाले बोलावले होते. पाहुणे खुर्चीत बसले आणि हलगीवाले फाटकाबाहेर गेले. कार्यक्रमपत्रिकेत मंडपवाल्याचे नाव होते, ध्वनिव्यवस्थेवाल्याचे होते, बँडचेही होते. गाण्यापुढे कंसात ‘पारंपरिक’ असा शब्द होता. हलगीवाल्यांची नावे कुठेच नव्हती. मला त्या कंसातल्या शब्दाविषयी लिहायचे आहे.

माझा आजा हलगी वाजवायचा. टेंभुर्णीजवळच्या, भीमेच्या काठच्या आमच्या गावात ती कला नव्हती, काम होते. दवंडी, लग्न, जत्रा, बैलांची मिरवणूक, मयत. बोलावणे आले की जायचे. कातडे ढिले पडले की काट्याकुट्यांचा जाळ करून हलगी शेकायची, जाड टिपरू आणि बारीक काडी घेऊन उभे राहायचे, आणि गाव देवळात गेले की आपण पायरीखाली थांबायचे. मोबदला खळ्यावर मिळे, तोही देणाऱ्याच्या मनावर. ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. माझ्या वडिलांनी हे काम सोडून हमाली धरली. हलगी आढ्याला टांगली. तिचे कातडे उंदरांनी खाल्ले. लहानपणी मी तिला हात लावला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तुझ्या हातात खडू पाहिजे, टिपरू नको.” मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि मला हलगीचा एकही ठेका वाजवता येत नाही. लोकसंगीताच्या नावाने गहिवरणाऱ्या रसिकांना हा ऱ्हास वाटेल. आमच्या घरात ती सुटका होती.

म्हणून एखादा बँड लोकगीत ध्वनिमुद्रित करतो तेव्हा ‘परंपरा जपली’ म्हणून टाळी वाजवणे मला जमत नाही. आपल्या चळवळीने लोककलेशी दोन प्रकारे व्यवहार केला. एक, नकार. मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, तसे पोतराजपणही सोडले, केस कापले. दुसरा प्रकार उलथापालथीचा. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातून भटशाहीवर हल्ला चढवला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी तोच साचा वस्तीवस्तीत नेला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊंनी लोकनाट्यातला गण ठेवला, पण गणातला गणपती काढून तेथे मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले. ढोलकी तीच, डफ तोच; मान कोणापुढे वाकते ते बदलले. हा बदल फक्त राजकीय नाही, तो वाङ्मयीनही आहे. रूप जुने ठेवून त्याची निष्ठा बदलणे हे नवे रूप शोधण्याइतकेच अवघड काम असते. आमच्या समीक्षकांनी त्याला प्रचार म्हणून बाजूला सारले, ही गोष्ट वेगळी.

बाजाराने तिसरा प्रकार काढला. ध्वनी ठेवायचा, माणूस काढायचा. ‘पारंपरिक’ हा शब्द या कामी फार उपयोगी पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला कर्ता लागतो; ज्या गाण्याचा कर्ता सांगता येत नाही ते सर्वांचे, म्हणजे व्यवहारात ज्याच्याकडे स्टुडिओ आहे त्याचे. जात्यावर ओवी रचणाऱ्या बाईच्या हाती काही नाही, पण त्या ओवीची ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याला तिच्यावर ६० वर्षे हक्क. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ साली, आणि आपले नाव लावून घेण्याचा, व्यापारी वापरातला वाटा मागण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने. यंत्रातली हलगीही केव्हातरी, कुठेतरी, कुणीतरी वाजवलेलीच असते. तिचे तुकडे करून ठेवले की हात कोणाचे होते हे विचारायला जागा उरत नाही. बलुत्यात निदान वाजवणाऱ्याला समोर उभे करावे लागत होते!

सगळेच बँड असे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप करणाऱ्या पोरांच्या गटाने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे काढले. त्यात आरे जंगलातल्या पाड्यावरचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि गाण्याच्या नावाबरोबरच त्यांचे नाव छापलेले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमधली झाडे रातोरात तोडली गेली. म्हणजे हे गाणे संग्रहालयातली वस्तू म्हणून आलेले नव्हते. ज्याची जमीन जाते आहे तोच गात होता. नावातला ‘रिव्होल्ट’ हा शब्दही वाऱ्यावरून आलेला नाही. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते, गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवली आहे. रॅप करणारी पोरे शहरातली आणि भोईर जंगलातले, हा सांधा ऐकताना जाणवतो. तो बुजवलेला नाही हेच मला बरे वाटले. आदिवासींचा प्रश्न आणि आपला प्रश्न एक नव्हे हे मी जाणतो. तरीही नाव लावणे शक्य असते, आणि लावल्याने गाणे कमी गोड होत नाही, एवढे तरी या गाण्याने दाखवले.

हलगीच्या अधिक जवळचे उदाहरण मद्रासकडचे आहे. तेथे परई नावाचे चर्मवाद्य आहे. मयतीला ते वाजवणे परैयरांवर लादलेले काम, आपल्या हलगीसारखेच. २०१८ च्या जानेवारीत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या गटाने चेन्नईत पहिला जाहीर कार्यक्रम केला. गटाचे नाव पंडित अयोथी दास यांच्या ‘जातिभेद नसलेले तमिळ’ या कल्पनेवरून घेतलेले. चेन्नईच्या वस्त्यांतले गाना गाणारे गायक, परई आणि गिटार एकत्र आले, आणि मयतीचे वाद्य आरक्षणाची बाजू मांडू लागले. अण्णा भाऊंनी गणात जे केले तेच हे. वाद्य टाकून दिले नाही, त्याचा मालक बदलला.

पण त्याच शहरात या गोष्टीची दुसरी बाजूही घडली. याच गटातल्या अरिवू या तरुण कवीचे ‘एंजॉय एंजामी’ हे गाणे मार्च २०२१ मध्ये निघाले आणि कोट्यवधींनी ऐकले. त्यात मयतीच्या विलापगीताची चाल आहे, आणि त्याच्या आजीचे, वळ्ळिअम्माळचे, आयुष्य आहे: श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आणि हात हलवत परतलेल्या भूमिहीनांचे. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका इंग्रजी संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याची सहगायिका झळकली, अरिवू नव्हता. जुलै २०२२ मध्ये बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हे गाणे त्याच्याशिवाय झाले. मग गाणे कोणी रचले यावर जाहीर वाद झाला. २०२४ साली त्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगितले की या गाण्याचा एक पैसाही आपल्याला मिळाला नाही. येथे कर्ता माहीत होता, आजीचे नाव माहीत होते, गाव माहीत होते. तरीही. ‘पारंपरिक’ हा शब्द न लिहिताही माणूस पुसता येतो, हे मला त्या वादाने शिकवले.

कोणी म्हणेल, लाखभर ओव्यांना लाखभर नावे कुठून आणायची? आणली आहेत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या बाईच्या नावासह आणि गावासह. त्यांत बाबासाहेबांवर ओव्या रचणाऱ्या आपल्या बायाही आहेत. नोंद करायची ठरवली तर वही पुरते. खर्च येतो तो ठरवण्याचा.

एवढे सगळे मनाशी जुळवून झाले, आणि मी संमेलनानंतरच्या आठवड्यात प्राचार्यांना सांगितले की पुढच्या वर्षी हलगीवाल्यांना मंचावर बसवू, पत्रिकेत त्यांची नावे छापू. ते लगेच हो म्हणाले. त्या तिघांतला एक आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. टोपी कपाळावर ओढून वाजवत होता म्हणून त्या सकाळी मी त्याला ओळखले नव्हते. लग्नसराईत तो वाजवतो, त्यातून फी भरतो. आता त्याच्या हलगीला फायबरचे पान आहे, शेकावी लागत नाही. मी त्याला वर्गाबाहेर गाठले आणि नावाचे सांगितले. तो बराच वेळ पायाकडे बघत राहिला.

“नगं सर,” तो म्हणाला. “वर्गात कळंल.”

मी त्याला कायद्याचे सांगितले नाही, अण्णा भाऊंचेही नाही. माझ्या वर्गात आजतागायत मी माझ्या आजाचे नाव घेतलेले नाही, हे मला तेव्हा आठवले. पुढच्या सोमवारी लोकसाहित्याचा तास होता. मी हलगीपासून सुरुवात केली, आणि ती कोण वाजवत होते, कोणत्या गावात, कोणाच्या पायरीखाली उभे राहून, ते नावानिशी सांगितले. तो तिसऱ्या बाकावर बसला होता. तास संपेपर्यंत त्याने वर पाहिले नाही.