कोचे, कार्रो, ग्वाग्वा : कोश कुठे उभा राहून बघतो?

आज एका कोशाविषयी बोलायचंय. ‘दिक्सियोनारियो दे अमेरिकानिस्मोस’, म्हणजे अमेरिका खंडातल्या स्पॅनिशचा कोश. स्पॅनिशच्या निरनिराळ्या देशांतल्या अकादमींच्या संघाने तो 2010 साली काढला. काम उंबेर्तो लोपेस मोरालेस यांच्या देखरेखीखाली झालं. सुमारे 70 हजार नोंदी, आणि प्रत्येक अर्थापुढे तो कोणत्या देशांत चालतो याच्या खुणा. इतक्या कष्टाच्या कामावर टीका करायची तर आधी नमस्कार करावा. तो केला.

आमचा आक्षेप एका नियमावर आहे. जे शब्द स्पेनमध्येही सर्रास चालतात ते वगळायचे, उरतील ते ‘अमेरिकी’ म्हणून घ्यायचे. ऐकायला सरळ वाटतं. पण जरा रस्त्यावर येऊन बघा.

मोटारगाडीला स्पेनमध्ये ‘कोचे’ म्हणतात. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथल्या घोडागाड्यांवरून हा शब्द आला. आपला ‘कोचमन’ आणि रेल्वेचा ‘कोच’ही त्याच गावचे. कोलंबियात, व्हेनेझुएलात मोटार म्हणजे ‘कार्रो’. स्पेनमध्ये मात्र कार्रो म्हणजे जनावर जुंपायचा छकडा. अर्जेंटिना, चिलीत ‘आउतो’. मेक्सिकोत कोचेही चालतो, कार्रोही. आणि ग्वाटेमालात कोचे म्हणजे डुक्कर! (हशा) म्हणजे नियम काटेकोर पाळला तर या कोशात कोचे डुक्कर म्हणून येईल, गाडी म्हणून येणार नाही. कार्रोच्या गळ्यात देशांच्या चिठ्ठ्या, कोचे बिनचिठ्ठीचा. आणि बिनचिठ्ठीचा शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप ‘मूळ’ ठरतो. हे कोणी कपटाने केलं असं आम्ही म्हणत नाही. पद्धतच ते करते.

बसकडे वळू. क्युबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक इथे बस म्हणजे ‘ग्वाग्वा’. चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. तो शब्द केचुआ भाषेतला. चिलीची बाई हवानात गेली आणि कोणी सहज म्हणालं, ‘माझी ग्वाग्वा गेली’, तर काय प्रसंग ओढवेल बघा. पण खरी अडचण पुढे आहे. कॅनरी बेटांवरही बसला ग्वाग्वाच म्हणतात. लास पाल्मास शहराच्या बससेवेचं नावच ‘ग्वाग्वास मुनिसिपालेस’ आहे. आणि कॅनरी बेटं स्पेनचीच! तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या क्युबाला जात-येत राहिली. शब्दाने जहाजाची वाट धरली, राज्याची सीमा त्याला माहीत नव्हती. मग तो अमेरिकी की स्पेनचा? प्रश्नच चुकीचा आहे, आणि हा नियम आपल्याला तोच विचारायला लावतो.

आता ‘कोलेक्तिवो’. आमच्या आवडीचा शब्द, म्हणून जरा रेंगाळतो. 1928 साली ब्वेनोस आइरेसमधल्या टॅक्सीवाल्यांना गिऱ्हाईक मिळेना. त्यांनी ठरलेल्या मार्गावर, थोड्या पैशांत, एका टॅक्सीत अनेक जण बसवायला सुरुवात केली. ती ‘सामायिक’ टॅक्सी, म्हणून कोलेक्तिवो. पुढे गाडी वाढत वाढत पुरती बस झाली, नाव तेच राहिलं. चिलीत कोलेक्तिवो अजून मोटारच आहे, तिथे बसला ‘मिक्रो’ म्हणतात. आपल्या नैयायिकांनी ‘पंकज’ला योगरूढ म्हटलं: चिखलात जन्मलेलं ते सगळंच पंकज नव्हे, फक्त कमळ. कोलेक्तिवो तसाच. अवयवार्थ ‘सामायिक’, रूढी एकीकडे बसची, दुसरीकडे मोटारीची. मेक्सिको शहरातला ‘पेसेरो’ही याच जातीचा. एके काळी भाडं एक पेसो, म्हणून पेसेरो. भाडं कधीच वाढलं, नाव राहिलं. अशा शब्दांपुढे ‘म्हणजे बस’ एवढं लिहून भागवलं, तर वस्तू कळते, व्यवहार कळत नाही.

मग दुसरं काय करता आलं असतं? उत्तर त्याच 2010 सालात आहे. लुईस फेर्नांदो लारा यांच्या नेतृत्वाखाली एल कोलेखिओ दे मेहिको या संस्थेने मेक्सिकोच्या स्पॅनिशचा कोश पुरा केला. त्यात स्पेनशी तुलनाच नाही. मेक्सिकोत जे बोलतात, लिहितात ते सगळं घ्यायचं. त्यामुळे तिथे कोचे गाडी म्हणून येतो. ‘कामियोन’ येतो, स्पेनमध्ये तो नुसता ट्रक, मेक्सिकोत ट्रकही आणि बसही. एकाच देशापुरता कोश म्हणून तो लहान, असं कोणी म्हणेल. आम्हाला तो मोठा वाटतो, कारण तो स्वतःच्या पायावर उभा राहून बघतो.

शेवटी आपल्या ओळखीची एक गाडी. पेरूच्या गल्ल्यांत तीनचाकी ‘मोतोताक्सी’ धावतात, ग्वाटेमालात त्यांनाच ‘तुकतुक’ म्हणतात. त्यांतल्या कितीतरी बजाजच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या कंपनीच्या. स्पेनमध्ये ही काही रोजची सवारी नाही. मग तिचं वेगळेपण मोजायचं कशाशी? आणि आपण तिला ‘रिक्षा’ म्हणतो तो शब्द तरी आपला कुठे? जपानी ‘जिन-रिकि-शा’: माणूस, बळ, गाडी. त्यातला माणूस वाटेत कुठेतरी उतरला.

बराच वेळ झाला. प्रश्न असतील तर घेऊ या.