आघातविचारात अक्षराचे स्थान

चॉम्स्की व हॅले यांच्या ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ (१९६८) या ग्रंथाने इंग्रजी आघात नियमबद्ध असल्याचे दाखविले, ही त्याची थोरवी निर्विवाद होय. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’, ‘फोटोग्राफिक’ यांत मूळ घटक तेच. आघात मात्र अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या अक्षरावर पडतो. (अक्षर म्हणजे येथे उच्चारातील स्वरकेंद्री घटक.) हे स्थलांतर यादृच्छिक नव्हे.

परंतु या नियमांत अक्षराला स्थानच नाही. ते स्वरव्यंजनांच्या समूहांवर उभारलेले आहेत. ‘अजेंडा’त उपान्त्य स्वरापुढे दोन व्यंजने, म्हणून आघात तेथे, ‘सिनेमा’त एकच, म्हणून आघात आरंभी. ‘आल्जिब्रा’तही दोन व्यंजने आहेत, तरी आघात आरंभीच! यासाठी ग्रंथकारांना ‘दुर्बळ’ समूहाच्या व्याख्येतच रकारादींची सवलत घालावी लागली. वस्तुतः ‘ब्र’ पुढील अक्षराचा आरंभ होतो, म्हणून मागील अक्षर लघूच राहते. जोडाक्षराचा जोर न पडल्यास मागील अक्षर लघू मानणाऱ्या मराठी छंदोविचाराला हे कारण अपरिचित नाही. डॅनियल कान यांनी १९७६ च्या प्रबंधात अक्षराचा पुरस्कार केला, तो यथार्थच होता.

तथापि अक्षर म्हणजे अर्थघटक नव्हे. ‘हेलिकॉप्टर’चे ग्रीक घटक ‘हेलिको’ व ‘प्टेर’. उच्चार मात्र ‘प’ व ‘ट’ यांची फारकत करतो, आणि ‘हेलिपोर्ट’ घडविणारा भाषक ‘हेलि’पाशी तिसराच छेद घेतो. शब्दकोशाने हे छेद पृथक् दाखवावेत. एकाच आडरेघेवर तिन्हींचा भार घालू नये.