आकडा छापला, सूर राहिला

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येतं. ट्यूबा नावाच्या अगडबंब पितळी वाद्याला दिव्यांची माळ गुंडाळलेली, तोंडाशी लाल फीत आणि मागे सांताक्लॉजची टोपी घातलेला हसरा वादक. खाली दोन ओळी: ‘ट्यूबाख्रिसमस’ला यंदा इतके वादक जमले, सर्वांत धाकटा अमुक वर्षांचा, सर्वांत थोरला तमुक वर्षांचा. मथळ्यात वाद्याच्या आकारावर किंवा वजनावर एखादी कोटी. टीव्हीवर हीच बातमी बातमीपत्राच्या शेवटी मिनिटभर दिसते. ती आपुलकीनेच केलेली असते, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी काय वाजलं आणि कसं वाजलं, याचा तीत पत्ता नसतो.

या प्रथेचा उगम मात्र निखळ सांगीतिक आहे. विल्यम बेल हे संचालक टॉस्कानिनींच्या एनबीसी सिम्फनीत आणि पुढे 1943 ते 1961 न्यू यॉर्क फिलहार्मोनिकमध्ये ट्यूबा वाजवत. त्यांचा जन्म 1902 चा, ऐन नाताळचा. 1971 मध्ये ते गेले. त्यांचे शिष्य हार्वी फिलिप्स यांनी गुरूच्या जयंतीच्या तोंडावर, 22 डिसेंबर 1974 रोजी, न्यू यॉर्कच्या रॉकफेलर प्लाझातल्या बर्फाच्या रिंकवर सुमारे तीनशे ट्यूबा आणि युफोनियमवादक (युफोनियम हा ट्यूबाचाच लहान भाऊ) उभे केले. नाताळगीतांची त्यांच्यासाठी खास मांडणी केली संगीतकार अ‍ॅलेक वाइल्डर यांनी. आज शेकडो गावांत डिसेंबरात हा कार्यक्रम होतो, आणि वाइल्डर यांची मांडणी हाच त्याचा कणा आहे. बातम्यांत मात्र त्यांचं नाव मी क्वचितच वाचलं आहे. गाणं छापायचं आणि संगीतकाराचं नाव गाळायचं, असाच हा प्रकार.

फिलिप्स यांना हे का करावंसं वाटलं, हे समजायला ऑर्केस्ट्रातली मागची रांग पाहावी लागते. ट्यूबाचं पेटंट 1835 चं, बर्लिनचं. व्हायोलिनच्या मानाने हे वाद्य अगदी अलीकडचं. ऑर्केस्ट्रात ट्यूबावादक बहुधा एकटाच असतो. ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीत त्याला काम आहे ते फक्त दुसऱ्या भागात, तेही मोजक्या स्वरांचं. बाकी सगळा वेळ मांडीवर वाद्य घेऊन बसून राहायचं. जन्मभर असा खर्ज एकट्याने सांभाळणारे शेकडो लोक एका जागी आणून मुख्य चालही याच वाद्यकुटुंबाच्या हाती द्यायची, ही फिलिप्स यांची कल्पना. ती पोशाखाची किंवा गर्दीची नव्हती.

आता प्रत्यक्ष वाजतं तेव्हा काय होतं ते पाहू. चाल बहुतेक वेळा युफोनियमकडे असते आणि ट्यूबा खालून आधार देतात. म्हणजे एरवी वरच्या पट्टीतल्या ट्रम्पेटने किंवा मुलांच्या कंठाने ऐकलेली गाणी इथे सगळीच्या सगळी मंद्रात उतरतात. मंद्रात स्वर जवळजवळ ठेवले की ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. त्यामुळे मांडणी करणाऱ्याला त्यांच्यात जागा सोडावी लागते. वादकांना मोठा स्वर लांबवायचा तर दम पुरत नाही, म्हणून शेजारीशेजारी आळीपाळीने श्वास घेतात आणि सूर कुठेच तुटत नाही. थंडीचा मामला वेगळाच. गार हवेत ध्वनीचा वेग घटतो, वाद्याचा स्वर उतरतो. तोंडाजवळची नळी श्वासाने उबदार राहते, पण लांबचा रुंद भाग गारच. त्यात नळीत साठलेलं पाणी गोठून झडपा अडकतात. अशा स्थितीत शेकडो लोकांनी, त्याच दिवशी एकदा तालीम करून, एका सुरात येणं हे सोपं काम नाही. कधी ते जमतं, कधी लय जड होऊन मागे पडते. कुठे काय झालं, हे सांगायला कानसेन बातमीदार हवा.

रॉकफेलरच्या रिंकची एक गोष्ट तर नुसत्या निरीक्षणानेही कळावी अशी आहे. रिंक रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे आणि श्रोते वर कठड्याला टेकून उभे असतात. बहुतेक ट्यूबांचं तोंड आभाळाकडे असतं. मोकळ्या मैदानात हा आवाज वर निघून जाईल. इथे तो थेट कठड्यावरच्या माणसांच्या छातीत शिरतो. छायाचित्रकार नेमका त्याच कठड्यावर उभा असतो.

हे लिहिणं पत्रकारितेला जमत नाही असं नाही. 1975 मध्ये व्हिटनी बॅलिएट यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये फिलिप्स यांच्यावर दीर्घ लेख लिहिला. त्याच वर्षी फिलिप्स यांनी कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये लागोपाठ पाच मैफली केल्या. 2010 मध्ये ते गेले तेव्हाच्या मृत्युलेखांतही सर्कशीच्या बँडपासून इंडियाना विद्यापीठातल्या अध्यापनापर्यंतचा त्यांचा प्रवास सविस्तर आला. म्हणजे माहिती होती, लिहिणारेही होते. डिसेंबरात मात्र हे काम संगीताच्या पानावरून उचलून सणाच्या पानावर टाकलं जातं, आणि तिथे समीक्षक जात नाही.

दोष सगळा बातमीदारांचा नाही, हेही मान्य करायला हवं. दिव्यांच्या माळा वादकच लावतात. फिलिप्स सर्कशीच्या बँडमधून आलेले कलावंत होते. लोकांचं लक्ष कसं वेधायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खुद्द वाइल्डर यांनीही फिलिप्स यांच्यासाठी एफी नावाच्या हत्तिणीवर ट्यूबाची सुरेख संगीतमाला लिहिली आहे. हत्तीची उपमा या वाद्याच्या मित्रांनीही वापरली. पण वाइल्डर यांची एफी प्रेमात पडते, नृत्य शिकते, अंगाईही गाते. वर्तमानपत्रातला हत्ती फक्त मोठा असतो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. गंमत करायला हरकत नाही, पण वाइल्डर गंमत करतानाही वाद्याकडून नाजूक काम करून घेतात.

आणखी एक खटकतं. या बातम्या वादकाला नेहमी ‘साधा माणूस’ म्हणून दाखवतात: शिक्षक, सुतार, निवृत्त सैनिक. ते खरंही असतं. पण त्याच रांगेत संगीत शिकणारे विद्यार्थी असतात, व्यावसायिकही असतात. कॅरल जॅन्च 2006 मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात मुख्य ट्यूबावादक झाली, तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात या जागी बसलेली ती पहिली स्त्री होती. ट्यूबावादक म्हटलं की जाडजूड, मिशीवाला पुरुष रंगवणारी व्यंगचित्रं त्यानंतरही बदललेली दिसत नाहीत.

मागणी फार मोठी नाही. वर्षातून एकदा, एका गावी, ऑपेराचं परीक्षण लिहिणाऱ्याच माणसाला तिथे पाठवावं. त्याने संचालकाचं नाव द्यावं, कोणत्या गीतात युफोनियमचा सूर स्वच्छ लागला आणि कोणत्यात खालचे स्वर गढूळ झाले ते लिहावं, श्रोत्यांना गायला लावल्यावर लय कोणी धरून ठेवली ते सांगावं. वाईट वाजलं तर वाईट म्हणावं; वर्षभर घरी रियाज करून आलेल्या माणसाला तेवढा मान घेता येतो. आणि वाइल्डर यांचं नाव पहिल्याच परिच्छेदात यावं.