दगडांची वकिली

कला कलेसाठी की जीवनासाठी, हा वाद आपल्याकडे फडके आणि खांडेकर ह्यांच्या नावांनी इतका गाजला की त्याचे नाव काढताच आजचा वाचक हसून पान उलटतो. वाद मिटला असे मात्र म्हणवत नाही. दोन्ही पक्षांची मंडळी दमली, एवढेच. मनात एखादा हेतू पक्का धरून लिहिलेली कादंबरी कादंबरी म्हणून चांगली होऊ शकते काय, हा मूळ प्रश्न अद्याप जिथल्या तिथेच आहे. तत्त्वचर्चेने तो सुटेल असे वाटत नाही. एखादे नमुनेदार उदाहरण घ्यावे आणि ते सर्व बाजूंनी पारखून पाहावे, हेच बरे.

मी निवडलेले उदाहरण परदेशातले आहे आणि जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. परंतु त्यामागचा हेतू आपल्या कोणत्याही शहराच्या कोणत्याही जुन्या आळीत आज कानी पडेल असा आहे. जुन्या वास्तू पाडून त्यांचे दगड आणि त्यांची जमीन विकण्याचा धंदा तेजीत होता आणि एका कादंबरीकाराला तो थांबवायचा होता. त्याचे नाव व्हिक्टर ह्यूगो. साने गुरुजींनी ‘दुःखी’ ह्या नावाने ज्याची मोठी कादंबरी मराठीत आणली, तोच हा ह्यूगो. मात्र इथे विचार करायचा आहे तो त्याच्या आधीच्या कादंबरीचा. मार्च १८३१ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्याचे वय एकोणतीस वर्षांचे होते.

त्या वेळचा फ्रान्स डोळ्यांपुढे आणल्याशिवाय ह्या पुस्तकाची तळमळ समजायची नाही. राज्यक्रांतीनंतर चर्चची आणि सरदारांची मालमत्ता सरकारजमा होऊन लिलावात निघाली. ती स्वस्तात घ्यायची, वास्तू पाडायची, दगड, लाकूड, छपराचे शिसे विकायचे आणि मग जमिनीचे तुकडे करून तेही विकायचे, असा व्यापार करणारी माणसे निपजली. लोक त्यांना ‘काळी टोळी’ म्हणत. क्लूनीचा मठ हे एके काळी ख्रिस्ती जगतातले सर्वांत मोठे प्रार्थनामंदिर. ते १७९८ साली विकले गेले आणि पुढची कित्येक वर्षे दगडांच्या खाणीसारखे पोखरले गेले. पॅरिसचे नोत्र-दाम पडले नव्हते, पण त्याची दशा काही निराळी नव्हती. ११६३ साली ज्याचा पाया घातला गेला, त्या मंदिराच्या दर्शनी भागावरचे अठ्ठावीस राजांचे पुतळे क्रांतिकारकांनी १७९३ साली फोडले. ते बायबलातले राजे होते. लोकांनी त्यांना फ्रान्सचे राजे समजून शिक्षा दिली! घंटा वितळवल्या गेल्या, मधला मनोरा उतरवला गेला, आत काही काळ कोठार झाले. अशी इमारत एक दिवस ‘धोकादायक’ ठरते आणि मग तिच्या जागेचे मोल काढले जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कादंबरीचे मूळ फ्रेंच नाव ‘पॅरिसचे नोत्र-दाम’ असे साधे आहे. म्हणजे शीर्षकात माणूस नाही, इमारत आहे. १८३३ च्या इंग्रजी भाषांतराने ते बदलून ‘नोत्र-दामचा कुबडा’ असे केले आणि जगभर तेच रूढ झाले. हा फरक किरकोळ नव्हे. भाषांतरकाराने वाचकाला सांगितले, ही एका विद्रूप माणसाची करुण कथा आहे. ह्यूगोला सांगायचे होते, ही एका वास्तूची कथा आहे आणि माणसे तिच्या अंगाखांद्यावर वावरतात. प्रस्तावनेतच तो सांगतो की चर्चच्या एका मनोऱ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नियती ह्या अर्थाचा एक ग्रीक शब्द भिंतीवर कोरलेला त्याला दिसला होता. पुढे ती भिंत रंगवली गेली की खरवडली गेली कोण जाणे, पण शब्द नाहीसा झाला. कोरणारा हात गेला, शब्द गेला, आता वास्तूही जाईल काय, ही धास्ती पहिल्या पानावरच उभी राहते. पुढे १८३२ च्या आवृत्तीला जोडलेल्या टिपणात तर जुन्या वास्तूंविषयी देशाला प्रेम वाटावे हा आपला एक मुख्य हेतू आहे, असे तो उघड कबूल करतो. प्रचाराचा आरोप ठेवायचा असेल तर आरोपीचा कबुलीजबाब हातात आहे.

आता पुस्तक पाहू. कथा १४८२ सालची. नाचून पोट भरणारी एस्मेराल्दा, तिच्यावर जीव जडलेला विद्वान आणि आतून जळणारा धर्माधिकारी फ्रोलो, दिसायला देखणा आणि मनाने उथळ कप्तान फीबस, आणि घंटा वाजवणारा, त्या घंटांनीच बहिरा झालेला कुबडा क्वासिमोदो. कथा रंगात येते न येते तोच तिसऱ्या खंडात ह्यूगो ती थांबवतो आणि दोन भलीमोठी प्रकरणे केवळ वास्तूवर आणि मनोऱ्यावरून दिसणाऱ्या जुन्या पॅरिसवर खर्च करतो. काळ, क्रांत्या आणि बदलती अभिरुची ह्या तिघांनी इमारतीचे काय केले, ह्याचा तो हिशेब मांडतो आणि सर्वांत मोठा गुन्हेगार तिसरा ठरवतो. विचार बिनतोड आहे. पण कादंबरी म्हणून पाहता ही प्रकरणे जड आहेत. नायिकेचे काय झाले ह्या उत्सुकतेने बसलेल्या वाचकाला लेखकाने दाराशीच अडवून घराचा नकाशा समजावून सांगावा, तसे होते. हेतू कलेला कुठे बाधतो ह्याचा पुरावा फडक्यांच्या पक्षाला हवा असेल, तर तो इथे आहे.

परंतु ह्यूगोने आपला खटला ह्या प्रकरणांच्या जोरावर जिंकलेला नाही. तो त्याने जिंकला क्वासिमोदोच्या जोरावर. टाकून दिलेले हे पोर ह्या मंदिराच्या पायऱ्या, कमानी, गच्च्या ह्यांतच वाढले. माणसांनी त्याला कधी जवळ केले नाही, दगडांनी केले. ज्या घंटांनी त्याचे कान घेतले त्यांच्यावरच त्याची माया आहे. चौकात त्याला बांधून फटके मारले जातात, तहानेने तो कासावीस होतो आणि एस्मेराल्दा त्याला पाणी पाजते. पुढे तिला फाशी द्यायला आणतात तेव्हा हाच कुबडा वरून झेप घेतो, तिला उचलतो आणि चर्चच्या उंबऱ्याआड नेतो. उंबऱ्याच्या आत राजाचा कायदा चालत नाही, असा त्या काळचा दंडक. त्या क्षणी ती इमारत वाचकाच्या मनात कायमची उभी राहते. आता तिच्या खांबांची उंची कोणी विचारत नाही. एका निराधार मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, एवढे पुरेसे होते.

शाळेची सहल किल्ल्यावर नेणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे गुपित माहीत असते. तटाची लांबी आणि बांधणीचे साल सांगू लागलो की मुले जांभया देतात. रायगडावर हिरकणीचा कडा दाखवून, इथून एक आई तान्ह्या बाळासाठी रात्री खाली उतरली, असे म्हटले की सगळी कड्याच्या टोकाकडे धावतात आणि त्यांना मागे ओढता ओढता मास्तरांची पुरेवाट होते. दगडावर माणसाचे प्रेम सरळ बसत नाही. त्या दगडाचा आधार घेतलेल्या माणसावरून ते दगडावर उतरते. ह्यूगोला हे उपजत कळले होते.

मार्च १८३२ मध्ये त्याने पाडकाम करणाऱ्यांविरुद्ध युद्ध पुकारणारा एक निबंधही लिहिला. लां ह्या गावचा जुना बुरूज तिथल्या नगरपालिकेनेच पाडायला काढला होता, त्यावर त्यात कडाडून हल्ला आहे. त्यातला युक्तिवाद असा, की इमारतीचा उपयोग आणि इमारतीचे सौंदर्य ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उपयोगावर मालकाचा हक्क, पण सौंदर्यावर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा, म्हणून ती पाडणारा मालक आपल्या हक्काबाहेर जातो. पुढे ज्या ज्या देशांत वारसा-वास्तूंचे कायदे झाले त्या सर्वांच्या मुळाशी हाच विचार दिसतो. मुंबईतली १९९५ ची नियमावली त्याच वाटेवरची. निबंध उत्तमच आहे. पण निबंध पटतो आणि कादंबरी झोप उडवते. निबंधाने वकील तयार झाले असतील. पक्षकार तयार केले ते कादंबरीने.

श्रेय वाटताना मात्र हात आखडता घ्यायला हवा. जुन्या वास्तूंसाठी सरकारी निरीक्षक नेमण्याचे पाऊल कादंबरीच्या आधी, १८३० सालीच, गिझो ह्या मंत्र्याने टाकले होते. १८३४ पासून त्या जागेवर आलेल्या प्रॉस्पेर मेरिमे ह्या दुसऱ्या लेखकाने गावोगाव हिंडून नोंदी केल्या, अहवाल लिहिले, अधिकाऱ्यांशी भांडणे केली. कादंबरीने लोकांच्या मनात ओल निर्माण केली. पेरणी आणि राखण कचेऱ्यांतल्या चिवट माणसांनी केली. १८४४ साली लास्यू आणि व्हिओले-ल-द्युक ह्या वास्तुकारांकडे नोत्र-दामचे काम आले आणि १८६४ पर्यंत ते चालले. त्यांनी नवा मनोरा चढवला, गच्चीवर चित्रविचित्र राक्षसी पशू बसवले. आज चित्रांत आपण जे पशू पाहून मध्ययुगाचा भास करून घेतो ते ह्यूगोने कादंबरी लिहिली तेव्हा तिथे नव्हतेच! वाचवलेली इमारत हीही थोडीफार नवी रचलेली कथाच असते.

इथवर ह्यूगोची बाजू मांडली. आता माझी खरी तक्रार. ह्या कादंबरीत चर्चच्या भोवतीची गरीब वस्ती आहे. भिकारी, चोर, जिप्सी ह्यांचे एक अख्खे राज्य आहे. पण त्या वस्तीकडे ह्यूगो जत्रेतल्या तमाशाकडे पाहावे तसा पाहतो. दगडांना तो आत्मा देतो. गर्दीला केवळ आरडाओरडा. त्याची किंमत पुढे दिसली. १८५३ नंतर ओस्मान ह्या अधिकाऱ्याने पॅरिसची फेरबांधणी काढली तेव्हा नोत्र-दामच्या बेटावरच्या दाट गल्ल्या साफ झाल्या, तिथली माणसे उठवली गेली आणि मंदिरासमोर मोठे मोकळे पटांगण आले. ह्यूगो तेव्हा हद्दपारीत होता. वास्तू उरली, शेजार गेला. वस्तीच्या घरांसाठी कोणी कादंबरी लिहिली नव्हती.

वास्तू वाचवण्याची चळवळ आजही इथेच अडखळते. वाड्याचे नक्षीदार खांब वाचावेत म्हणून सही देणारे आपण, त्याच वाड्यात गळक्या कौलांखाली तीन पिढ्या काढलेल्या भाडेकरूला काय सांगणार? त्याला बिल्डरची स्वच्छतागृहासह दोन खोल्यांची सदनिका हवी असते आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली तो पुण्याचा भिडे वाडाच पाहा. स्मारकाची मागणी वर्षानुवर्षे चालली, गाळेधारकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने मोडकळीस आलेला तो वाडा स्मारकासाठी म्हणून पाडला. आठवण टिकवण्यासाठी तिचे घर पाडावे लागले! ह्यात खलनायक शोधू गेल्यास एकही धड सापडत नाही. असा पेच ह्यूगोच्या कादंबरीत नाही, आणि म्हणून ती आपल्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देते.

दुसरे अर्धे आपल्याकडच्या एका नाटकात आहे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) ह्या नाटकातही शीर्षकात वास्तू आहे. पण ते वाडा वाचवा असे म्हणत नाही. वाड्याने आतल्या माणसांना काय दिले आणि त्यांचे काय हिरावून घेतले, ह्याचा ते शांतपणे निवाडा करते. ह्यूगोला आतली माणसे पुरती दिसली नाहीत. आपल्याला ती दिसली, पण आपण वाड्याच्या वतीने कधी भांडलो नाही. आपले लेखक जुन्या वास्तूसाठी हळहळतात सुंदर. हळहळ मात्र पाडकाम उरकल्यावरची असते.

त्या कादंबरीतल्या एका प्रकरणात फ्रोलो छापील पुस्तकाकडे आणि मग चर्चकडे बोट दाखवून, हे त्याला मारील असे भाकीत करतो. छापखाना आला, आता लोक दगडांत कोरलेले वाचणार नाहीत, हा त्याचा आशय. घडले उलटेच. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दामचे छप्पर जळाले, १८५९ चा मनोरा कोसळला आणि त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये ही कादंबरी खपाच्या यादीत अव्वल ठरली. इमारत जळताना लोकांनी पुस्तक हाती घेतले. ८० कोटी युरोंहून अधिक देणग्या जमल्या, मनोरा होता तसाच उभारला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारे पुन्हा उघडली.

तेव्हा निकाल असा. हेतू धरून लिहिलेली कादंबरी चांगली होऊ शकते. मात्र जिथे हेतू स्वतः बोलू लागतो तिथे ती पडते, आणि जिथे तो एखाद्या क्वासिमोदोच्या पाठीवर मुकाट्याने बसतो तिथे ती जगते. ह्यूगो दोन्ही करतो, आणि पुस्तक तरून जाते ते दुसऱ्यामुळे. मराठीत असे पुस्तक लिहायला जो बसेल त्याच्यापुढचे काम अधिक कठीण आहे. त्याला दगडांचे वकीलपत्र घ्यायचे आहे आणि त्याच वेळी आतल्या भाडेकरूचेही. लिहायचे असेल तर त्याने लवकर लिहावे. पाडकामाच्या नोटिशीला मुदत असते.