व्हिक्टोरियन स्त्रिया आणि सजीव इतिहासाचे प्रयोग

जुन्या काळाचा पोशाख घालून, त्या काळच्या वास्तूत, त्या काळची कामे प्रेक्षकांसमोर करून दाखवणे याला ब्रिटनमध्ये ‘लिव्हिंग हिस्टरी’ म्हणतात. या कलेचे मूळ स्वीडनमधले. आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले आणि तिथे हलवून आणलेल्या जुन्या घरांत पारंपरिक वेशातली माणसे वावरू लागली. ब्रिटनमध्ये या कलेचा एक लाडका विषय म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतल्या (१८३७ ते १९०१) स्त्रिया.

पोशाखाच्या बाबतीत या कलेने मोठी मजल मारली आहे. जॅनेट अर्नल्ड यांनी संग्रहालयांतल्या अस्सल झग्यांची मापे घेऊन १९६०च्या दशकात त्यांच्या बेतणीचे आराखडे प्रसिद्ध केले. तेव्हापासून अंदाजाने शिवलेल्या झग्याला अभ्यासू मंडळींत मान उरला नाही. कपडे चढवण्याचा क्रमही ठरलेला: आधी शेमीज, त्यावर कॉर्सेट, मग पेटीकोट आणि शेवटी झगा. कॉर्सेट आवळल्यावर कमरेतून वाकणे कठीण, म्हणून बूट त्याआधीच चढवायचे. असे ज्ञान अंगावर कपडे चढल्याशिवाय येत नाही आणि या कलेचे खरे बळ इथेच आहे.

तरीही नुसता पोशाख म्हणजे इतिहास नव्हे. दिवाणखान्यात पंखा हलवत बसलेली बाई पाहून प्रेक्षक फोटो काढतो आणि पुढे जातो. तीच बाई कामाला लागली की तो थबकतो. एसेक्समधल्या ऑडली एंड या वाड्याचे स्वयंपाकघर हे याचे उत्तम उदाहरण. १८८१च्या जनगणनेत तिथली स्वयंपाकीण म्हणून एव्हिस क्रोकम यांची नोंद आहे आणि त्यांची हस्तलिखित पाककृतींची वहीही उपलब्ध आहे. इंग्लिश हेरिटेज या संस्थेने त्यांची व्यक्तिरेखा उभी केली आणि पुढे चित्रफितींतून ती जगभर पोहोचवली. पीठ मळणारे हात आणि हाताखालच्या मुलींना दिलेले हुकूम यांतून घरातली उतरंड आपोआप कळते. मालकिणीचे नव्हे, तर पगारी नोकर बाईचे नाव घरोघरी पोहोचले, हे या प्रयोगाचे मोठे यश.

श्रॉपशरमधले ब्लिस्ट्स हिल हे १९०० सालच्या सुमाराचे गाव म्हणून सजवलेले संग्रहालय. तिथे बँकेत आजचे पैसे देऊन जुन्या पेन्या घेता येतात. तिथून जवळच्याच शिफ्नलमध्ये जन्मलेल्या हॅना कलविक या मोलकरणीने वर्षानुवर्षे डायरी लिहिली. गुडघ्यांवर बसून घासलेल्या पायऱ्या, पुसलेले बूट, साफ केलेल्या शेगड्या असा रोजच्या कामाचा हिशेब त्यात आहे. एवढा थेट आवाज हाताशी असताना कलावंताने मोघम ‘मोलकरीण’ रंगवण्यात समाधान मानू नये.

खरी अडचण येते ती कायदा आणि अन्याय दाखवताना. १८८८ साली लंडनच्या ब्रायंट अँड मे या काडेपेट्यांच्या कारखान्यातल्या सुमारे १,४०० स्त्रियांनी आणि मुलींनी संप केला. पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे सडत. पण ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या पात्राला स्वतःच्या काळापलीकडचे काही सांगता येत नाही. त्यामुळे संपानंतर काय झाले हा प्रश्न आला की पात्र अडते. काही कलावंत अशा वेळी टोपी काढून आजच्या माणसासारखे बोलू लागतात. जुन्या काळाचा भास मोडला तरी चालेल, प्रेक्षक अर्धवट माहिती घेऊन जाता कामा नये. म्हणून हाच मार्ग अधिक प्रामाणिक ठरतो.

या चित्रात मराठी मुलखातून गेलेल्या स्त्रियांनाही हक्काची जागा आहे. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ इंग्लंडमध्ये होत्या आणि चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्यांचे वास्तव्य झाले. रखमाबाई १८८९ साली लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. त्याआधी, १८८७ साली, मुंबईच्या न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे बजावले होते. नांदायला लावण्याचा नवऱ्याचा हा दावा ज्या इंग्रजी तत्त्वावर उभा होता, त्याखालची तुरुंगवासाची शिक्षा खुद्द इंग्लंडमध्ये १८८४ सालीच रद्द झाली होती. लंडनच्या वर्गात बसलेली रखमाबाई रंगवताना झग्यांच्या गर्दीत तिची साडी उठून दिसेलच. मात्र त्या प्रयोगाचा कणा हा खटला असायला हवा.