चिंचणीच्या ताम्रपटांतील घाणा

चिंचणीस सांपडलेल्या ताम्रपटांचें नांव निघालें कीं बोलणें बहुधा एकाच गोष्टीवर येतें: राष्ट्रकूटांच्या अमलांत संजाणच्या मुलखावर मधुमति नांवाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या पटांतील ही वार्ता विलक्षण खरीच. दिनेशचंद्र सरकार यांनीं हे लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३२ व्या खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हांपासून तिची चर्चा चालत आली, हें योग्यच झालें. परंतु त्याच मधुमतीनें दोन प्रवाहांवर फुकट नाव ठेविली व भात, कालवण, तूप वाढणारें अन्नसत्र घातलें, याची आठवण कितीजण काढतात?

चिंचणीचाच शके ९५६ (इ. स. १०३४) चा पट तर याहून उपेक्षित. शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याचें हें दान. आणि दान कसलें, तर तेलाच्या घाण्याचें. संजाणच्या मठिकेस तो दिला, कीं त्याच्या तेलानें भगवतीपुढें दिवा जळावा आणि तेथें येणाऱ्या विद्वान ब्राह्मणांच्या पायांस चोळावयासही तें मिळावें. पायांस तेल! दूरवरून चालत आलेल्या शास्त्रीबोवांचें खरें दुखणें ज्यानें ओळखलें, तो दाता आम्हांस दिवा लावणाऱ्या दहा दात्यांहून आवडतो.

शेतीचा वारसा म्हणून जीं संग्रहालयें मांडलीं जातात, त्यांत आम्हांस उणें भासतें तें नेमकें हेंच. नांगर, मोट, घाणा धुऊनपुसून ठेवितात. खालीं नांवाची पाटी. तेल कोणाच्या घरीं गेलें, बैल कोणी हांकला, यांविषयीं पाटी मुकी. फ्रान्समध्यें ग्रास येथें १९८९ सालीं उघडलेलें अत्तरांचें संग्रहालय या बाबतींत पाहण्याजोगें आहे. तो मुलूख ऑलिव्हचा आणि फुलांचा. कमावलेल्या कातड्याच्या हातमोज्यांस सुवास लावण्यापासून तेथील धंदा वाढला. पुढें चमेलीचीं फुलें चरबीच्या थरावर पसरून तिचा गंध धरूं लागले. आपल्याकडे हेंच काम तिळांनीं केलें. तिळांवर फुलांचा थर द्यावयाचा, कोमेजलीं कीं नवीं पसरावयाचीं, आणि वासानें भरलेले ते तीळ घाण्यांत घालावयाचे. फूल आणि तेल यांचें नातें इतकें जवळचें आहे. ग्रासकरांनीं शेजारच्या मुआं-सार्तू येथें संग्रहालयाच्या बागाही ठेविल्या आहेत, त्यामुळें कुपींतील वास ज्या झाडाचा, तें झाड पाहुण्यास मातींत उभें दिसतें. ही युक्ति आम्हांस फार पटली.

चिंचणीच्या वाड्यांमध्यें असा संग्रह कोणी मांडील तर पहिला मान चिकूस मिळेल, हें उघड आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही लाभलें. आमची त्यास हरकत नाहीं. मात्र चिकू हा अमेरिकेकडून आलेला पाहुणा. चामुंडराजाच्या वेळीं तो या किनाऱ्यावर नव्हता. घाणा होता. तेव्हां चिकू तोडण्याची जाळीची काठी भिंतीवर लावावीच, पण ती धरणाऱ्या मजुराची हजेरी आणि मजुरीही शेजारीं लिहावी. घाणा ठेवावयाचा तर फिरता ठेवावा, आणि तेलाबरोबर निघालेली पेंड कोणाच्या गोठ्यांत जाते तेंही त्या पाटीवर यावें.