परिपूर्ण वाक्पटुता आणि पाद्रीगुरूची शाळा : ‘क्रिस्तपुराणा’मागील अभ्यासक्रम

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विचार मराठी समीक्षेने बहुधा दोन टोकांवरून केला आहे. एका टोकाला मराठीच्या थोरवीच्या त्या प्रसिद्ध ओव्या आहेत. पाठ्यपुस्तकांनी आणि भाषादिनाच्या व्याख्यानांनी त्या इतक्या उगाळल्या आहेत, की सुमारे ११ हजार ओव्यांचे उरलेले काव्य वाचण्याची गरजच जणू संपली. दुसऱ्या टोकाला अ. का. प्रियोळकरांच्या संशोधनातून उभे राहिलेले सोळाव्या शतकातील गोव्याचे कठोर चित्र आहे : मोडलेली देवळे, जप्त केलेल्या पोथ्या आणि धर्मसमीक्षण सभा. या दोन टोकांमध्ये एक साधा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. हे काव्य कोणत्या शाळेतून आले, आणि कोणत्या शाळेसाठी लिहिले गेले?

स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. संघाची शिक्षणसंहिता, म्हणजेच ‘रॅशिओ स्टुडिओरम’, तिच्या अंतिम रूपात १५९९ साली प्रसृत झाली. तेव्हा ते या संहितेचे विद्यार्थी होते असे म्हणणे कालविपर्यास ठरेल. परंतु १५८६ आणि १५९१ चे मसुदे व त्यांवर बेतलेली अंतिम संहिता यांनी रोमन महाविद्यालयातील रूढ अध्यापनालाच नियमबद्ध केले, आणि स्टीफन्स यांची घडण त्याच वातावरणात झाली होती. या संहितेतील आरंभीचे शिक्षण पाच वर्गांचे : व्याकरणाचे तीन, त्यानंतर मानव्यविद्यांचा आणि शेवटी वक्तृत्वाचा. विद्यार्थ्याच्या ठायी शेवटी काय निर्माण व्हावे याचे उत्तर संहिता दोन शब्दांत देते : ‘एलोक्वेन्शिया पर्फेक्टा’, परिपूर्ण वाक्पटुता. अमेरिकेतील फोर्डमसारखी जेझुइट विद्यापीठे पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच्या आपल्या गाभा अभ्यासक्रमात हीच संज्ञा आजही उद्दिष्ट म्हणून वापरतात. मात्र तिथे तिचा अर्थ स्पष्ट लेखन, विवेकशील संवाद आणि सार्वजनिक जीवनातील नैतिक जबाबदारी असा सौम्य झाला आहे. १५९९ मध्ये तिचा अर्थ लॅटिन गद्य, लॅटिन पद्य आणि सिसेरो असा होता.

या संहितेची दोन वैशिष्ट्ये ‘क्रिस्तपुराणा’च्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे ‘प्रिलेक्शिओ’ ही अध्यापनपद्धती. शिक्षकाने उतारा संपूर्ण वाचावा, त्याचा आशय सांगावा, मग पदापदाचा उलगडा करावा, अनुषंगाने इतिहास आणि लोकरीती यांची माहिती द्यावी, शेवटी विद्यार्थ्यांनी ते मुखोद्गत करावे. मराठी वाचकाला या क्रमात परके काही वाटू नये. ज्ञानदेवांपासून एकनाथांपर्यंत जिला निरूपण म्हणतात ती प्रक्रिया याहून फार वेगळी नाही. तेथेही मूळ वचन आहे, त्याचा अन्वय आहे, दृष्टान्ताने केलेला विस्तार आहे आणि समोर बसलेल्या श्रोत्याचे अवधान मागणारा वक्ता आहे. स्टीफन्स यांना ओवीने भुरळ घातली, असे भावुकपणे म्हटले जाते. अधिक संभाव्य गोष्ट अशी, की ओवीबद्ध निरूपणात त्यांना आपल्याच वर्गातील एक ओळखीची रीत दिसली. प्रभाव कोणाचा कोणावर, या प्रश्नात तौलनिक अभ्यास पुष्कळदा अडकून पडतो. इथे प्रभावापेक्षा समरूपता अधिक कामाची आहे. दोन परंपरांनी वाचन शिकवण्याची जवळजवळ एकच रीत स्वतंत्रपणे घडवली होती, आणि एका माणसाला दोन्ही अवगत झाल्या.

दुसरे वैशिष्ट्य वगळण्याचे. मानव्यविद्यांच्या वर्गात व्हर्जिल शिकवावा, पण ‘इनिड’चे चौथे सर्ग वगळून, असे संहिता सांगते. डायडोची प्रीती आणि तिचा आत्मघात किशोरवयीन मुलांना वाचायला नको. अभ्यासक्रमाची खरी उद्दिष्टे तो काय शिकवतो याइतकीच तो काय काढून टाकतो यावरून कळतात, आणि सासष्टीत हे काढून टाकणे एका सर्गापुरते राहिले नाही. नवख्रिस्तींना त्यांची सगळी पुराणेच निषिद्ध झाली. पहिल्या पुराणाच्या आरंभीचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. देवळात मुलांना ख्रिस्ती तत्त्वांची शिकवण चालू आहे. एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे येऊन पाद्रीगुरूंना म्हणतो, की ही प्रश्नोत्तरे ठीक आहेत, परंतु पूर्वी आम्हांस पुराणे होती, तशी या धर्माची पुराणे आम्हांस का नसावीत? ही केवळ काव्यारंभीची संकेतरूढ प्रस्तावना नव्हे. शिकवणीची पुस्तिका पाठ झाली तरी शिक्षण झाले नाही, ही एका विद्यार्थ्याने अभ्यासक्रमावर नोंदवलेली हरकत आहे. आश्चर्य हे, की शिक्षकाने ती मान्य केली. आपल्या पोथ्या गेल्या याचे दुःख त्या मागणीत किती आहे हे काव्य सांगत नाही. ते सांगणे त्याच्या हिताचेही नव्हते. पण मागणी नोंदली गेली, आणि वाचकाने ती ऐकली पाहिजे.

या शाळेत भाषांची वाटणीही विचारपूर्वक झाली आहे. धर्मशिक्षणाची ‘दौत्रिना क्रिस्तां’ (राशोल, १६२२) आणि स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोल येथेच छापलेले व्याकरण ही दोन्ही पुस्तके लोकांच्या बोलीची, म्हणजे कोकणीची. पुराण मात्र १६१६ साली छापले गेले ते मराठीत. तेही शुद्ध मराठी नव्हे. ती सर्वांना कळत नाही म्हणून बोलीतील सोपे शब्द तिच्यात मिसळल्याचे स्टीफन्स प्रस्तावनेत सांगतात. व्याकरण आणि प्रश्नोत्तरे बोलीत, वाक्पटुता ग्रंथभाषेत : रोममधील पाच वर्गांची उतरंडच येथे दोन देशी भाषांवर बसवलेली दिसते. मराठी आणि कोकणी यांच्या गोव्यातील पुढील वादात या वाटणीचा दाखला दोन्ही बाजूंनी देण्यात आला आहे. ती मुळात वर्गरचनेची बाब होती, हे दोन्ही बाजू विसरतात.

संहितेने मानव्यविद्यांच्या वर्गासाठी भाषेचे दोन गुण अपेक्षिले आहेत, शब्दाचा नेमकेपणा आणि शब्दांची समृद्धी. काव्यातील शब्दयोजना या दोन गुणांच्या ताणावर उभी आहे. वर्णन करायचे असते तेव्हा स्टीफन्स मुक्तहस्त होतात. स्वर्ग निःसंकोचपणे वैकुंठ होतो, ईश्वर परमेश्वर होतो, आणि पुराणिकाच्या भात्यातील विशेषणे, उपमा व संबोधने ओवीमागून ओवी येत राहतात. परंतु संस्कार आणि सिद्धान्त यांच्याशी गाठ पडताच लेखणी आखडते. बाप्तिस्मा, क्रूस, पवित्र आत्मा यांसाठी पोर्तुगीज-लॅटिन शब्दच तसेच राहतात. समृद्धी अनुवादित झाली, नेमकेपणा झाला नाही. याला काहींनी भाषिक दुबळेपणा मानले आहे, तर काहींनी सांस्कृतिक सलोखा. दोन्ही निर्णय घाईचे वाटतात. जी गोष्ट चुकली तर पाखंड ठरेल तिथे गुरू अनुवादाचा धोका पत्करत नाही, एवढेच यातून निश्चित होते. आणि हेही, की शिकणाऱ्याला कल्पनेचे स्वातंत्र्य जेथे मिळाले तेथे संज्ञेचे मिळाले नाही.

काव्याची गुणवत्ता या जबरदस्तीच्या चौकटीतून कशी निर्माण झाली, या प्रश्नाला बगल देणे समीक्षेला परवडणारे नाही. काव्य सुंदर आहे म्हणून चौकट निर्दोष ठरत नाही, आणि चौकट निर्दय होती म्हणून ओव्या रसहीन होत नाहीत. शिवाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी कर्त्याच्या योजनेत राहतातच असे नाही. २७ जून १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेलाच हद्दपार करू पाहिले, आणि १७५९ साली जेझुइटच पोर्तुगीज मुलखातून घालवले गेले. १६१६, १६४९ आणि १६५४ ची मुद्रिते नाहीशी झाली. पुराण टिकले ते हस्तलिखितांत, त्यातही मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या प्रतींत. १९०७ ची जोसेफ साल्ढाणा यांची रोमन लिपीतील आवृत्ती त्यांतूनच आली, आणि शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, १९५६ साली. मुद्रणयंत्र ज्या संस्थेच्या हाती होते तिच्यापेक्षा नकला करणारे हात अधिक चिवट ठरले.

लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रत या संदर्भात विशेष बोलकी आहे. तिच्यात पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. ही प्रत मूळ संहितेच्या अधिक जवळची, की नंतरच्या कोणा जाणत्या हाताने केलेले संस्करण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिला पक्ष खरा असेल तर शब्द आखडले ते लिहिताना नव्हे, छापताना. आणि वर मांडलेला समृद्धी-नेमकेपणाचा भेद कवीकडून काढून परवाना देणाऱ्या सत्तेकडे न्यावा लागेल. दुसरा पक्ष खरा असेल तर पुराण मागणाऱ्या त्या ब्राह्मणाच्या कोणा वंशजाने, गुरूने जी संज्ञा अनुवादायचे टाळले होते, ती स्वतःच अनुवादून टाकली.